ज्या कीबोर्डात ‘पाचोड’ मावलं नाही

मराठी टाइप करणाऱ्याने टचपॅडवाला छोटा वायरलेस कीबोर्ड घेताना आधी त्याची उजवी कड बघावी. टचपॅड केवढा, बॅटरी किती दिवस पुरते, रंग कोणता, हे सगळं मागून. आणि हे काही मला खरेदीनंतर सुचलेलं नाही. पैसे देण्याआधी मी दुकानदाराला हेच विचारलं होतं, स्पष्ट शब्दांत विचारलं होतं, आणि त्याने मला धडधडीत चुकीचं उत्तर दिलं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

पाचोडला माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. असं दुकान ज्याने पाहिलंय त्याला काउंटरचं वेगळं वर्णन नको. पीकविम्याच्या दिवसांत माऊस फिरवायला वीतभर जागा उरत नाही. सातबारा, पासबुक, आधारची झेरॉक्स, सगळं माऊसच्या अंगावर येऊन पडतं आणि वायरीत कुणाची ना कुणाची पिशवी अडकतेच. म्हणून माऊसचं काम कीबोर्डातच होईल, वायर नसेल आणि लांबी कमी असेल, असा कीबोर्ड मला हवा होता.

आडूळमार्गे संभाजीनगर पन्नासेक किलोमीटर. एवढं अंतर तोडून जायचं ते वस्तू हातात घेऊन बघता यावी म्हणून, नाहीतर घरपोच मागवता आलीच असती. सोबत भाचा होता. मी म्हटलं, “दादा, मी इन्स्क्रिप्टवर मराठी टाइप करते. यावर सगळी अक्षरं नेहमीच्या जागी येतात ना?”

“ताई, कीबोर्ड सगळे सारखेच. मराठी सॉफ्टवेअरमधून येतं, बटणातून नाही.”

“उघडून दाखवा की जरा.”

“सील फोडलं की माल माझ्या अंगावर पडतो.”

खोक्यावर फोटो होता, पण त्यातल्या बटणांवरची अक्षरं वाचता येत नव्हती. आणखी एक गोष्ट मला तेव्हाच खटकली. प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरं तो भाच्याकडे बघून देत होता. टायपिंगची परीक्षा मी पास झालेली, दुकान माझं, पैसे माझे. भाचा बिचारा मान हलवत उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारबाबा विहिरीच्या नोंदीचा अर्ज लिहून घ्यायला आले. मी नवा कीबोर्ड पुढे ओढला आणि ‘मौजे पाचोड’ लिहायला घेतलं. ‘पाचो’पर्यंत आले. इन्स्क्रिप्टमध्ये ‘ड’ इंग्रजी पी अक्षराच्या लगेच उजवीकडे असतो, चौकोनी कंसाच्या बटणावर. बोट सवयीने तिथे गेलं आणि ‘पाचो’चं ‘पाच’ झालं. पुन्हा लिहिलं, पुन्हा ‘पाच’. बाबा स्क्रीनकडे बघत होते. म्हणाले, “माय, गावाचं नाव तरी पुरं लिही.”

मग मी कीबोर्डकडे नीट पाहिलं. पी च्या पुढे कंसाचं बटण नव्हतंच, तिथे थेट बॅकस्पेस होतं. कंस पी वरच निळ्या शाईत बारीक छापलेला होता. म्हणजे ‘ड’ हवा तर एफएन दाबून पी, ‘ढ’ हवा तर त्यात शिफ्टही. ‘ट’चं बटण अर्धं करून खाली स्पेसबारच्या शेजारी ढकललेलं, म्हणजे पैठणचा ‘ठ’ही तिकडेच गेलेला. बरोबरच्या चिन्हाचं बटण गायब, आणि ‘ृ’ त्याच बटणावर असतो, तेव्हा ‘कृषी’ नाही, ‘कृपया’ नाही, ‘मृग बहार’ नाही. उलट्या तिरप्या रेघेचं बटण गायब म्हणून ‘डॉक्टर’मधला ‘ॉ’ नाही. टचपॅडला जागा करून देण्यासाठी जे जे कापलं होतं, ते ते मराठीचं होतं. बाबांचा अर्ज मी शेवटी जुन्या कीबोर्डावर लिहून दिला.

यामागचं कारण समजून घेतलं तर कुठलाही दुकानदार तुम्हाला ‘सगळे सारखेच’ म्हणून गुंडाळू शकणार नाही. इन्स्क्रिप्टची मांडणी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये केली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १३१९४ या मानकात आली. तिच्यात स्वर आणि मात्रा बहुतेक डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. इंग्रजीची अक्षरं २६, आपली त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळे उजवीकडची व्यंजनं विरामचिन्हांच्या बटणांवर गेली. अर्धविरामावर ‘च’ आणि ‘छ’, अवतरणचिन्हावर ‘ट’ आणि ‘ठ’, कंसावर ‘ड’ आणि ‘ढ’, प्रश्नचिन्हाच्या बटणावर ‘य’. इंग्रजीत ही बटणं क्वचित लागतात, म्हणून कीबोर्ड आखूड करणारा पहिली कात्री त्यांनाच लावतो. रेमिंग्टनवर शिकलेल्यांचीही हीच अडचण, कारण तिथेही विरामचिन्हांच्या बटणांवर अक्षरं आहेत. फोनेटिकवर लिहिणाऱ्यांना मात्र काही फरक पडत नाही. त्यांना इंग्रजी अक्षरंच लागतात, तेव्हा त्यांनी माझं ऐकून उगाच जास्त पैसे घालवू नयेत.

मी कीबोर्ड परत घेऊन गेले. दुकानदाराने तो स्वतःच्या मशीनला जोडला, इंग्रजी एबीसीडी मारून दाखवली आणि म्हणाला, “चालतोय की. खराबी कुठंय?” मी म्हटलं, ‘पाचोड’ लिहून दाखवा. त्याने बिल पुढे केलं. खाली छापलेलं होतं, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. आवाज चढवला तो त्याने, आणि वर मलाच म्हणाला, “ताई, शांत बोला.”

ही छापील ओळ बघून पुष्कळ लोक गप्प बसतात. बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधलं कलम २ (४७) अनुचित व्यापार प्रथेबद्दल आहे. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं त्यात येतं. वस्तूच्या उपयोगाबद्दल दिशाभूल करणारं सांगणंही येतं, आणि माझं भांडण याच मुद्द्यावर होतं. मी गरज सांगितली, त्याने ‘सगळे सारखेच’ म्हणून विकलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. मी १९१५ चं नाव काढल्यावर त्याचा सूर उतरला, पण रोख परत दिली नाहीच. तेवढ्या रकमेची प्रिंटरची शाई घ्यायला लावली. पीकविम्याची गर्दी तोंडावर होती आणि दुकान बंद ठेवून तारखांना जाणं मला परवडणार नव्हतं. तो तेच धरून बोलत होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

यातून निघालेली कामाची गोष्ट अशी की गरज तोंडी सांगू नका. ‘मराठी इन्स्क्रिप्ट टायपिंगसाठी’ एवढे शब्द बिलावर लिहून घ्या. लिहून द्यायला कचरला तर तिथूनच परत फिरा. निदान जाण्याआधी व्हॉट्सॲपवर प्रश्न विचारून उत्तर मिळवा. माझ्याकडे तेवढं असतं तर शाईवर भागवलं नसतं.

आता पॉइंटरबद्दल. टचपॅड अक्षरांच्या उजवीकडे असेल तर एक बघा, तो बटणांच्या पलीकडे वेगळा बसवलाय की बटणं दाबून-चेपून मध्ये घुसवलाय. पलीकडे असेल तर कीबोर्ड थोडा लांब होतो, पण अक्षरं वाचतात. टचपॅड खाली मधोमध असेल तर तळहात टेकवून दोन ओळी लिहून बघा. लिहिताना कर्सर भलत्याच रकान्यात उडी मारत असेल तर फॉर्म भरणाऱ्याने तो घेऊ नये, नाहीतर एकाचा खाते क्रमांक दुसऱ्या रकान्यात जाईल. दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी दाबायचे पंजाएवढे कीबोर्ड टीव्हीसाठी आहेत, टायपिंगसाठी नाहीत. गोळा फिरवायचा असेल, म्हणजे ट्रॅकबॉल, तर तो काढून पुसता येतो का ते विचारा. आमच्याकडे हायवेची धूळ दिवसभर दुकानात येते.

अक्षरांची जागा अजिबात न खाणारा प्रकार एकच, बटणांच्या मधलं छोटं लाल टोक. संशोधक टेड सेल्कर यांच्या कामातून ते आलं आणि आयबीएमने १९९२ मध्ये थिंकपॅड लॅपटॉपवर दिलं. जी, एच आणि बी यांच्या मध्ये ते असतं, बोटं अक्षरांवरून न हलवता पॉइंटर फिरतो. लेनोव्हो तसा सुटा वायरलेस कीबोर्ड विकते. महाग आहे, आणि सवय व्हायला वेळ लागतो. दिवसभर नुसतं लिहिण्याचं काम असेल त्याने विचार करावा.

उजवीकडचा आकड्यांचा भाग छोट्या कीबोर्डात बहुधा नसतोच. आधारचे १२ आकडे दिवसभर वरच्या ओळीवरून मारायचे म्हणजे मनगट दुखतं. सुटा नंबरपॅड मिळतो, त्याचे पैसे आधीच हिशेबात धरा.

ब्लूटूथ की यूएसबी रिसीव्हर? दुकानासाठी रिसीव्हरवाला. लाईट गेली, पीसी पुन्हा चालू झाला आणि विंडोज उघडण्याआधीच ‘बटण दाबा’ असा संदेश आला, तर ब्लूटूथ कीबोर्ड बहुधा मुका राहतो. रिसीव्हरवाल्याला पीसी साध्या यूएसबी कीबोर्डासारखं ओळखतो. रिसीव्हर निळ्या यूएसबी ३ पोर्टाशेजारी, हार्डडिस्कला खेटून लावू नका. त्या पोर्टाचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत मिसळतो आणि पॉइंटर अडखळतो. हातभर एक्स्टेन्शन वायर लावून रिसीव्हर काउंटरवर आणला की बहुतेक वेळा काम होतं. कीबोर्ड खराब समजून फेकण्याआधी हे करून बघा.

लोकांचे ओटीपी आणि खाते क्रमांक ज्यांच्या हातून जातात, त्यांनी पुढचं जास्त लक्ष देऊन वाचावं. २०१६ मध्ये बॅस्टिल या अमेरिकी सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की आठ कंपन्यांचे काही वायरलेस कीबोर्ड दाबलेलं प्रत्येक अक्षर कसलंही कुलूप न लावता हवेत पाठवत होते आणि लांबचा माणूस ते वाचू शकत होता. म्हणून खोक्यावर एन्क्रिप्शनचा, एईएसचा उल्लेख शोधा. भारतीय मानक ब्युरोचा आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही बघा. वायरलेस कीबोर्डाला ही नोंदणी २०१२ च्या आदेशाने सक्तीची झाली आहे. माझ्या हातात दिलेल्या खोक्यावर तो क्रमांक नव्हता. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, “कुणी बघतं का ते?”

बाकी नेहमीचंच. पक्कं बिल घ्या, वॉरंटी कार्डावर शिक्का घ्या, खोकं महिनाभर टाकू नका. पेन्सिल सेलवर चालणारा घेतलात तर दोन सेल गल्ल्यात ठेवा.

आणि दुकानात जाताना मोबाइलमध्ये एक ओळ लिहून न्या: कृषी, पाचोड, पैठण, ढोरकीन, चितेगाव, टाकळी, डॉक्टर, ऑनलाइन, छत्रपती. पुढचा कीबोर्ड दुसऱ्या दुकानात घेताना मी ती ओळ काउंटरवर ठेवली आणि उघडून द्या, यावर लिहून बघते, म्हणाले. तिथल्या मुलाने सील फोडलं. ‘ढोरकीन’चा ‘ढ’ शिफ्ट धरून पहिल्या दाबात आला, ‘पैठण’चा ‘ठ’ नेहमीच्या जागी होता. बिलावर ‘मराठी टायपिंगसाठी’ हे शब्द त्याने न सांगता लिहिले. आधीच्या दुकानातला कीबोर्ड जेवढ्याला मिळाला होता त्याहून हा महाग पडला, आणि मी एका शब्दाने घासाघीस केली नाही.