बारा संगणकांचा एक प्रिंटर

प्रवेशाचे दिवस आले, की आमच्या नागपुरातील महाविद्यालयाच्या कार्यालयात दोन रांगा लागतात. एक खिडकीबाहेर विद्यार्थ्यांची, दुसरी प्रिंटरच्या पोटात कागदपत्रांची. टेबलांवर संगणक बारा, प्रिंटर एकच. आणि मध्ये तार नाही. मग बारा जणांनी एकदम छापण्याची आज्ञा दिली, तर खिचडी का होत नाही?

संगणक पत्राचे रूपांतर शून्य आणि एक यांच्या मालिकेत करतो. ही मालिका रेडिओ-लहरींवरून आधी राउटरकडे व तेथून प्रिंटरकडे जाते. लहरींची वारंवारिता बहुधा २.४ अब्ज हर्ट्झच्या आसपास असते. प्रकाशाच्या वेगाला तिने भागा : तरंगलांबी १२.५ सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम अर्धी वीत.

मात्र एकाच वेळी दोघे ‘बोलले’, तर लहरी एकमेकींत मिसळतात आणि काहीच उमगत नाही. हाच प्रश्न हवाई बेटांवरही आला होता. तेथील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये निरनिराळ्या बेटांवरील यंत्रे रेडिओने एका संगणकाला जोडली. संदेशांची टक्कर झाली, तर प्रत्येकाने थोडे थांबून पुन्हा पाठवायचे, असा नियम त्यांनी केला. किती थांबायचे, हे मात्र ज्याचे त्याने चिठ्ठी उचलल्यासारखे ठरवायचे. खरी मेख येथेच आहे. महालातील अरुंद गल्लीत समोरासमोर आलेले दोन सायकलस्वार एकाच बाजूला वळतात, पुन्हा एकदमच दुसरीकडे वळतात, हे तुम्ही पाहिले असेल. दोघे सारखेच थांबले, तर टक्करही पुन्हा तशीच! आजची वाय-फाय यंत्रे आणखी शहाणी आहेत. ती आधी कानोसा घेतात आणि मगच बोलतात.

आता थोडे गणित. समजा, पत्र ८० लाख बिटांचे आहे आणि सेकंदाला २ कोटी बिट जातात. दोन्ही टप्पे धरून ०.८ सेकंद झाले. मिनिटाला २० पाने छापणाऱ्या प्रिंटरला मात्र एका पानास ३ सेकंद लागतात. म्हणजे रांग हवेत नसून कागदापाशी आहे! आलेली पत्रे स्मृतीत क्रमाने ठेवली जातात आणि एकेक छापली जातात. बारा स्वस्त यंत्रांऐवजी एक चांगले यंत्र पुरते, जुन्या जाड भिंतींना भोकेही पाडावी लागत नाहीत. परवलीचा शब्द मात्र हवा, नाहीतर शेजारचाही छापून घ्यायचा!

मे महिन्यात आमचा प्रिंटर अधूनमधून ‘हरवू’ लागला. पाहतो तो राउटर आणि प्रिंटर यांच्यामध्ये पत्र्याचा भला मोठा कूलर आणून ठेवलेला. पत्रा या लहरी परावर्तित करतो, ओल्या वाळ्यातील पाणी त्यांचा काही भाग शोषून घेते. यांपैकी जास्त दोष कोणाचा? घरी करून पाहा. कूलरमागे मोबाईल ठेवून वाय-फायची ताकद नोंदवा : प्रथम कूलर बाजूला सारून, नंतर वाळा कोरडा असताना आणि शेवटी ओला झाल्यावर. प्रत्येक नोंद निदान पाच वेळा घ्या, कारण माणूस नुसता मधून गेला तरी आकडा हलतो.