आकड्याच्या मुळापर्यंत

न्यू जर्सी

चि. सानिका हिस,


सिक्युरिटी मॅनेजमेंट शिकायला घेतलंस, तर एक सवय पहिल्या सत्रापासूनच लाव: समोर आलेला आकडा कुठून आला, हे शोधल्याशिवाय तो वापरायचा नाही. या क्षेत्रातलं बरंचसं लेखन धोका मोठा दिसण्यात ज्यांचा फायदा आहे, अशांकडून येतं. एप्रिल २०२३मध्ये नॅशनल रिटेल फेडरेशन या किरकोळ विक्रेत्यांच्या संघटनेने एका अहवालात म्हटलं, की २०२१ साली मालात आलेल्या ९४.५ अब्ज डॉलरच्या तुटीपैकी जवळजवळ निम्मी संघटित टोळ्यांच्या चोरीमुळे आली. तुटीत तर भुरट्या चोऱ्या, नोकरांनी लांबवलेला माल, हिशेबातल्या चुका असं सगळंच धरलेलं असतं. माग काढल्यावर ते ‘निम्मं’ सेनेटपुढच्या एका साक्षीपर्यंत आणि तिथून कित्येक वर्षं जुन्या, एकूण तुटीच्या आकड्यापर्यंत पोचलं. डिसेंबरमध्ये संघटनेने ते विधान काढून टाकलं.

असिस इंटरनॅशनल या सुरक्षा व्यावसायिकांच्या संघटनेचं ‘सिक्युरिटी मॅनेजमेंट’ हे नियतकालिक जरूर वाच. धंद्यात काय चाललंय ते तिथे कळतं. पण जोडीला ‘सिक्युरिटी जर्नल’सारखं संशोधन-नियतकालिक हवंच, कारण तिथे निष्कर्ष कसा काढला हे लेखकाला उघड करावं लागतं. २०१९ साली ‘क्रिमिनॉलॉजी अँड पब्लिक पॉलिसी’ या अशाच नियतकालिकात सीसीटीव्हीवरच्या चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा आढावा आला. गुन्हे सरासरी १३ टक्क्यांनी घटले, सर्वाधिक परिणाम वाहनतळांवर दिसला, हिंसक गुन्ह्यांवर लक्षणीय परिणाम आढळला नाही, आणि पडद्याकडे कुणी सतत लक्ष ठेवून असेल तिथे फरक जास्त पडला. कॅमेरे घेणं आणि ते बघायला पगारी माणूस ठेवणं, हे दोन निराळे खर्च आहेत. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात तुला पहिलाच दिसेल.

तू म्हणशील, नोकरी परवान्यावर आणि अनुभवावर मिळते, जर्नल वाचून नाही. पण न्यूयॉर्कमध्ये गार्डला कामावर उभं करण्याआधी ८ तासांचं आणि पुढे ९० दिवसांत १६ तासांचं प्रशिक्षण लागतं. तेवढ्या बळावर त्याने कुठे, किती वेळ उभं राहायचं, हे त्याच्याकडून ठरणार नाही. ते तू ठरवणार आहेस, आणि चुकलं तर रात्रपाळीला धोका त्याला आहे. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: बरंच संशोधन सार्वजनिक जागांवरचं, पुष्कळसं ब्रिटनमधलं, ते खासगी मॉलला किंवा गोदामाला जसंच्या तसं लागू होत नाही. म्हणूनच निष्कर्षाआधी पद्धतीचा भाग वाच, आणि जागा, वेळ, तुलनेला घेतलेली ठिकाणं वहीत टिपून ठेव. जर्नलांची वर्गणी महाग असते, पण कॉलेजच्या ग्रंथालयातून बहुतेक लेख फुकट मिळतील. सुरुवात त्या २०१९च्या लेखापासून कर.

तुझी,
आत्या