पदव्युत्तर प्रवेश : पदवीवर नाव कोणाचे, ते आधी पाहा



या पानावर आपण नेहमी लागण, खते, हुमणी, खोडवा यांविषयी बोलतो. या अंकात विषय थोडा निराळा घेतला आहे. आपल्या कार्यक्षेत्रातील पुष्कळ घरांतून मुले-मुली बी.एस्सी., बी.कॉम., बी.एस्सी. (कृषी) झाली आहेत आणि पुढे एम.एस्सी., एम.कॉम., बी.एड., एम.बी.ए. करू म्हणतात. गटात गेले की पालक विचारतात, "साहेब, अमुक कॉलेज चांगलं आहे का?" प्रश्न रास्त आहे, पण तो दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा की, तिथे शिकून झाल्यावर पदवी कोण देणार?

बेणे घेताना आपण एवढी चौकशी करतोच. को ८६०३२ म्हणून कोणी मोळ्या आणून टाकल्या तर जाणता शेतकरी विचारतो, बेणे कोणत्या मळ्यातले? मूलभूत बेण्यापासून पायाभूत, पायाभूतपासून प्रमाणित, अशी साखळी सांगता आली तरच तो ते घेतो. कारण बेणे फसले तर वर्ष जाते आणि खोडव्यालाही त्रास होतो. शिक्षणात फसगत झाली तर मुलाची दोन वर्षे जातात, फी जाते, आणि पुढे नोकरीच्या अर्जावर लिहायला पदवी राहत नाही. म्हणून पदवीचीही साखळी तपासायला शिकले पाहिजे.

१. पदवी विद्यापीठ देते, कॉलेज देत नाही

आपल्या देशात पदवी कोणी द्यावी हे कायद्याने ठरलेले आहे. विद्यापीठ अनुदान आयोग कायदा १९५६ च्या कलम २२ प्रमाणे, संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, आयोग कायद्याखालील अभिमत विद्यापीठ, किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था, एवढ्यांनाच पदवी देता येते. संस्थेची इमारत केवढीही मोठी असो, तिला स्वतःच्या सहीने एम.एस्सी. देता येत नाही. विद्यापीठ नसताना नावात 'विद्यापीठ' शब्द लावण्यालाही त्याच कायद्याच्या कलम २३ ने बंदी आहे.

कॉलेज शिकवते आणि विद्यापीठ पदवी देते. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे संलग्नता. कॉलेजे तीन प्रकारची दिसतात. घटक महाविद्यालय हे विद्यापीठाचे स्वतःचे असते. संलग्न महाविद्यालय दुसऱ्या संस्थेचे असते, पण विद्यापीठाच्या परवानगीने त्याचा अभ्यासक्रम शिकवते. स्वायत्त महाविद्यालय अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवते, पण पदवी मूळ विद्यापीठाचीच मिळते. स्वायत्त म्हणजे विद्यापीठ झाले, असा समज काही ठिकाणी आहे. तो बरोबर नाही.

२. विद्यापीठ कोणत्या प्रकारचे?

मुंबई, पुणे, कोल्हापूर, सोलापूर येथील राज्य विद्यापीठांना आपापल्या भागातील कॉलेजे संलग्न करून घेता येतात. शेतीच्या शिक्षणासाठी आपल्या राज्यात चार कृषी विद्यापीठे आहेत : राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी (१९७२) आणि दापोली (१९७२).

अभिमत विद्यापीठ ही एखादी नावाजलेली संस्था असते आणि ती पदवी स्वतः देते. दिल्लीची भारतीय कृषी संशोधन संस्था, जिला आपण 'पुसा' म्हणतो, ती १९५८ पासून अभिमत विद्यापीठ आहे. खाजगी विद्यापीठ हे राज्याच्या स्वतंत्र कायद्याने होते आणि तेही पदवी देऊ शकते.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. खाजगी विद्यापीठाला बाहेरची कॉलेजे संलग्न करून घेण्याचा अधिकार नाही. तेव्हा तालुक्याच्या गावी दोन खोल्यांवर पाटी लावून कोणी म्हणाले, "आम्ही परराज्यातल्या खाजगी विद्यापीठाशी संलग्न आहोत, इथेच शिका, पदवी तिकडून येईल," तर तिथेच पाऊल मागे घ्यावे.

हे का सांगतो? छत्तीसगडमध्ये २००२ च्या कायद्याचा आधार घेऊन शंभराहून अधिक खाजगी विद्यापीठे निघाली होती. पुष्कळांना धड इमारतही नव्हती. प्राध्यापक यशपाल यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि फेब्रुवारी २००५ मध्ये न्यायालयाने त्या कायद्यातील संबंधित कलमे रद्द केली. विद्यापीठे एका निकालाने गेली. विद्यार्थ्यांचे नुकसान होऊ नये म्हणून त्या संस्था राज्यातील विद्यापीठांशी जोडून घेण्याची वाट न्यायालयाला ठेवावी लागली. कायद्याचा कागद हातात असूनही असे झाले. मग ज्याच्याकडे कागदच नाही त्याची काय कथा!

३. संलग्नता अभ्यासक्रमागणिक असते

सर्वांत जास्त चूक इथे होते. 'कॉलेज विद्यापीठाशी संलग्न आहे' हे वाक्य खरे असूनही अपुरे असू शकते. संलग्नता विद्याशाखा, अभ्यासक्रम आणि विद्यार्थिसंख्या पाहून दिली जाते. पुष्कळ वेळा ती ठराविक मुदतीची असते आणि मुदत संपली की वाढवून घ्यावी लागते. एखाद्या कॉलेजला बी.एस्सी. ची संलग्नता वीस वर्षांपासून असेल आणि एम.एस्सी. रसायनशास्त्राची अजून मिळालेलीच नसेल, असे होऊ शकते. समजा, कॉलेज सांगते की प्रस्ताव गेलेला आहे, मंजुरी येईलच, तोवर फी भरून ठेवा. आपण कारखान्याकडे उसाची नोंद न करता 'तोड येईलच' म्हणून बसतो का? तसेच हे. प्रस्ताव म्हणजे मंजुरी नव्हे.

कृषी पदव्युत्तरचे उदाहरण घ्या. राहुरी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या खाजगी कृषी महाविद्यालयांत बहुतेक ठिकाणी बी.एस्सी. पर्यंतच शिक्षण आहे. एम.एस्सी. (कृषी) मुख्यत्वे विद्यापीठाच्या स्वतःच्या महाविद्यालयांत, म्हणजे राहुरी, पुणे, कोल्हापूर, धुळे येथे होते. म्हणून 'आमच्याकडेच पुढे एम.एस्सी. पण करून घेतो' असे कोणी म्हटले, तर त्या वर्षाचे संलग्नतेचे पत्र पाहायला मागावे.

आणखी एक भेद आपल्या धंद्यातला आहे. कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेचे (स्थापना १९३६) साखर तंत्रज्ञानाचे पदव्युत्तर पदविका शिक्षण कारखानदारीत मानाचे आहे. पण पदव्युत्तर पदविका म्हणजे एम.एस्सी. नव्हे. कारखान्यात केमिस्ट व्हायचे असेल तर ती वाट चांगली. प्राध्यापक व्हायचे किंवा पीएच.डी. करायची असेल तर विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी लागते. आपण ऊस उत्पादकांनी आणि सहकारी कारखान्यांनी १९७५ साली मांजरी येथे उभी केलेली संस्था, म्हणजे आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, हिच्या बाबतीतही अभ्यासक्रमाचे नाव वाचून विचारावे की शेवटी मिळणारा कागद पदवीचा आहे की पदविकेचा, आणि त्यावर सही कोणाची? मुलाला पुढे काय व्हायचे आहे हे ठरवून मगच कागद निवडावा.

४. विद्यापीठाचे नाव बदलले म्हणून बिचकू नये

उलट बाजूचीही एक भीती असते. थोरल्याच्या पदवीवर शिवाजी विद्यापीठ आणि धाकट्याच्या पदवीवर सोलापूर विद्यापीठ, कॉलेज मात्र एकच! यात फसवणूक नाही. सोलापूर जिल्ह्यातील कॉलेजे पूर्वी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होती. २००४ साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि ती तिकडे गेली. पुढे २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले. पुणे विद्यापीठ २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाला २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव आहे. पुण्याचे कृषी महाविद्यालय तर आधी मुंबई विद्यापीठाकडे, मग पुणे विद्यापीठाकडे आणि शेवटी राहुरीकडे, असे फिरले आहे. पदवी ज्या वर्षी मिळाली त्या वर्षीचे नाव तिच्यावर असते आणि ती पूर्ण वैध असते. अर्ज भरताना मात्र पदवीवर छापलेले नावच जसेच्या तसे लिहावे.

५. विद्यापीठाखेरीज दुसऱ्या मान्यता

काही शिक्षणाला विद्यापीठाची संलग्नता पुरत नाही. बी.एड., एम.एड. साठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता लागते. ती मान्यता काढून घेतल्यानंतर त्या कॉलेजातून घेतलेले प्रशिक्षण सरकारी नोकरीसाठी धरले जात नाही, असे १९९३ च्या कायद्यातच आहे. आपल्या भागातील पुष्कळ मुली पदवीनंतर बी.एड. ला जातात, म्हणून हे ठळकपणे सांगतो. एम.बी.ए., एम.सी.ए. साठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद पाहावी, औषधनिर्माण शास्त्रासाठी भारतीय औषधनिर्माण परिषद. दूरस्थ शिक्षण असेल तर त्या अभ्यासक्रमाला त्या वर्षासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची परवानगी आहे का ते पाहावे.

नॅकची श्रेणी ही निराळी गोष्ट आहे. ती दर्जा सांगते, पदवीचा अधिकार देत नाही. आय.एस.ओ. चे प्रमाणपत्र आणि परदेशी संस्थेचे सभासदत्व यांचा तर संलग्नतेशी काहीच संबंध नाही.

६. अर्जाची तयारी

पदव्युत्तर प्रवेशाची दारे निरनिराळी आहेत. चारही कृषी विद्यापीठांच्या एम.एस्सी. साठी महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद, पुणे यांच्यामार्फत सामायिक परीक्षा होते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या वाट्याच्या जागांसाठी अखिल भारतीय परीक्षा निराळी असते. तिच्या माहितीपुस्तिकेत मूळ पदवी कोणत्या मान्यतेची हवी ते बारकाईने वाचावे. बी.एड., एम.बी.ए. साठी राज्याचा सी.ई.टी. कक्ष परीक्षा घेतो. साध्या एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी. चे नियम त्या त्या विद्यापीठाचे.

माहितीपुस्तिका मुलाने वाचावी आणि पालकांनी ऐकावी. पात्रता, तारखा आणि फी, ही तीन पाने तरी दोनदा वाचावीत.

कागद आधीपासून गोळा करून ठेवावेत : सर्व सत्रांची गुणपत्रके, तात्पुरते पदवी प्रमाणपत्र, कॉलेज सोडल्याचा दाखला, अधिवास दाखला, लागू असेल तर जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना स्थलांतर प्रमाणपत्र लागते आणि ते जुन्या विद्यापीठाकडून घ्यावे लागते. मध्ये एखादे वर्ष गेले असेल तर खंडाबाबतचे शपथपत्र मागतात. परदेशी जायचे असल्यास तिकडची विद्यापीठे बहुधा विद्यापीठाने प्रमाणित केलेला गुणांचा उतारा मागतात. त्याला वेळ लागतो. शेवटच्या आठवड्यात धावपळ करून तो मिळत नाही.

शिष्यवृत्तीचेही संलग्नतेशी नाते आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती किंवा अल्पभूधारकांच्या मुलांसाठीचा डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, यांचे अर्ज महाडीबीटीवर होतात. त्यासाठी अभ्यासक्रम मान्यताप्राप्त असावा लागतो, आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला साधारणपणे प्रवेश सरकारी प्रवेश फेरीतून झालेला असावा लागतो. 'आत्ता व्यवस्थापन कोट्यातून घ्या, शिष्यवृत्तीचं नंतर बघू' या बोलण्यावर विसंबू नये.

७. फी भरण्यापूर्वी पाच प्रश्न

(१) पदवीवर कोणत्या विद्यापीठाचे नाव येणार?
(२) ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे का? आयोग बनावट विद्यापीठांचीही यादी प्रसिद्ध करतो; तीही पाहावी. कृषी विद्यापीठे राज्याच्या १९८३ च्या कायद्याखाली आहेत.
(३) याच अभ्यासक्रमाला, याच वर्षासाठी संलग्नता आहे का? हे कॉलेजच्या पत्रकावरून ठरवू नये. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील यादी पाहावी किंवा विद्यापीठाच्या संलग्नता विभागात विचारावे.
(४) परिषदेची मान्यता लागत असेल तर ती चालू आहे का?
(५) पैसे भरल्याची पावती कोणाच्या नावाची मिळणार? ती संस्थेच्या छापील नावाची आणि रकमेची असावी. कोऱ्या कागदावरची किंवा मध्यस्थाच्या नावाची नको.

पाचपैकी एकाचेही उत्तर 'नंतर सांगतो' असे आले, तर पैसे खिशातच ठेवावेत.

एक अडचण मला ठाऊक आहे. कॉलेजची फी भरायची वेळ आणि आडसाली लागणीची गडबड एकदमच येते. हंगामाचे बिल खर्चून गेलेले असते, सोसायटीची उचल लागणीला जाते. अशा वेळी 'आजच शेवटची तारीख' म्हणणाऱ्याचे फावते. म्हणून चौकशी पावसाळ्याच्या आधी, उन्हाळ्यातच करावी, म्हणजे घाईत निर्णय होणार नाही. एखादे वर्ष प्रवेश नाही मिळाला तर पुढच्या वर्षी परीक्षा देता येते. पण बिनसंलग्न कॉलेजात घालवलेली दोन वर्षे कोणीही परत देत नाही.

ज्यांना संकेतस्थळ पाहण्याची अडचण असेल त्यांनी घरातल्या किंवा शेजारच्या शिकलेल्या मुलाला जवळ बसवून वरचे पाच प्रश्न एका कागदावर उतरवून घ्यावेत आणि प्रवेशाला जाताना तो कागद बरोबर ठेवावा. मुलगा किंवा मुलगी विचारायला संकोचली तर आपण विचारावे. पैसे आपले आहेत, विचारण्याचा हक्कही आपलाच आहे.

— ऊस विकास अधिकारी