पाण्याचा ताळेबंद आणि औषधाचा शोध

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव आपणांस पाणलोटाच्या कामासाठी ठाऊक आहे. गाव पर्जन्यछायेतले. १९८९ साली पोपटराव पवार तेथील सरपंच झाले. त्यानंतर गावकऱ्यांनी श्रमदानाने चर खणले, बंधारे घातले, झाडे लावली आणि राखली. परंतु माझ्यासारख्या पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला तेथील आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. ती म्हणजे पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला, विहिरींत पाणी किती आहे, याची मोजणी होते. तो हिशेब ग्रामसभेपुढे मांडला जातो. पिण्यासाठी व जनावरांसाठी पाणी बाजूला काढून उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यायची, ते सर्वांसमक्ष ठरते.

हे वर्गात सांगत असता एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, पाण्यासारखा सगळ्यांनी मिळून औषधाचाही शोध घेता येईल का?” प्रश्न उत्तम होता. तसा प्रयत्न आपल्याच देशात झालेला आहे. तो समजण्यासाठी आधी औषध कसे शोधतात ते पाहू.

कुलूप आणि किल्ली

क्षयरोगाचेच उदाहरण घेऊ. त्याचा जंतू सापडल्याचे रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केले. आजही जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एकचतुर्थांश रुग्ण भारतात आहेत, आणि जुन्या औषधांना दाद न देणारे जंतू वाढल्यामुळे नव्या औषधांची निकड आहे.

जंतूच्या शरीरातील कामे प्रथिने करतात. प्रथिन म्हणजे अणूंची लांब साखळी. ती घड्या पडून गोळा होते आणि तिच्या पृष्ठभागावर खाचा तयार होतात. एखाद्या महत्त्वाच्या प्रथिनाच्या खाचेत नेमका बसणारा लहान रेणू मिळाला, तर ते प्रथिन निकामी होते आणि जंतूचे काम अडते. खाच हे कुलूप, औषधाचा रेणू ही किल्ली. मात्र ही किल्ली कुलूप उघडण्यासाठी नसून ते जाम करण्यासाठी आहे!

किल्ली बसली की नाही, हे ऊर्जा ठरवते. विरुद्ध विद्युतभार जवळ आले की ऊर्जा कमी होते. विद्युतभार नसलेल्या अणूंतही जवळ आल्यावर किंचित आकर्षण असते; पण ते फारच जवळ आले तर जोराचे प्रतिकर्षण सुरू होते. या सर्वांची बेरीज जेथे सर्वांत कमी, तेथे रेणू स्थिर बसतो. उतारावरचा चेंडू खड्ड्यात जाऊन थांबतो, तसेच हे. संगणकावर अशी जागा शोधण्याच्या पद्धतीला डॉकिंग म्हणतात. आपण तिला रेणू-जुळवणी म्हणू.

हिशेब किती मोठा?

समजा, एका रेणूत ५ बंध असे आहेत की ज्यांभोवती तो वळू शकतो, आणि प्रत्येक बंधाच्या ३ सोयीच्या स्थिती आहेत. मग त्या रेणूचे आकार झाले ३×३×३×३×३ म्हणजे २४३. खाच १० अँगस्ट्रॉम लांब, रुंद व खोल धरली आणि रेणू एकेक अँगस्ट्रॉम सरकवला, तर जागा झाल्या सुमारे १,०००. तीन अक्षांभोवती ३०-३० अंशांनी फिरवला, तर ढोबळमानाने १२×१२×१२ म्हणजे १,७२८ दिशा. या तिन्हींचा गुणाकार होतो जवळजवळ ४२ कोटी!

सेकंदाला एक रचना तपासणारा माणूस न झोपता बसला, तरी त्याला १३ वर्षे लागतील. आणि हे झाले एका रेणूचे. तपासायचे रेणू तर लाखांनी असतात. म्हणून संगणक हवा. संगणकही सर्व रचना तपासत नाही. चांगल्या वाटणाऱ्या जागांच्या आसपासच तो अधिक शोध घेतो. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक बांधला. मोठे काम तुकडे करून अनेक संगणकांना एकाच वेळी वाटून द्यायचे, हे त्याचे तत्त्व. रेणू-जुळवणीला हेच तत्त्व चपखल बसते, कारण प्रत्येक रेणूचा हिशेब स्वतंत्र असतो.

संगणक कोठे फसतो?

क्षयावरील आयसोनिआझिड हे औषध १९५२ पासून वापरात आहे, पण ते नेमके काय करते याचा उलगडा व्हायला सुमारे चाळीस वर्षे लागली. जंतूच्या भिंतीतील मेणासारखा पदार्थ बनवणारे एक प्रथिन त्यामुळे अडते. गंमत अशी की, मूळ रेणू त्या खाचेत थेट बसतच नाही. जंतूचेच दुसरे एक प्रथिन त्याला बदलते, मग तो जंतूतील आणखी एका रेणूशी जोडला जातो, आणि तयार झालेली ही जोडी कुलूप अडवते. म्हणजे किल्ली जंतूच्या घरातच घडते! नुसता मूळ रेणू संगणकाला दिला असता तर त्याने तो बाद केला असता. शिवाय रेणू जंतूत शिरेल का, यकृतात तो टिकेल का, माणसाला बाधेल का, हे प्रयोगशाळेत आणि पुढे रुग्णांवरील चाचण्यांतच कळते. संगणक यादी लहान करतो. निकाल प्रयोग देतो.

उघडी वही

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या भागात एकाने बोअर घेतली आणि ती कोरडी गेली, तर तो गप्प बसतो. शेजारी त्याच खडकात पुन्हा पैसे घालतो. संशोधनातही असेच घडते. फसलेले प्रयोग कपाटात राहतात आणि दुसरा कोणी तेच पुन्हा करतो.

ही कोंडी फोडण्यासाठी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने २००८ साली क्षयाच्या औषधासाठी एक खुला उपक्रम सुरू केला. क्षयजंतूची सुमारे ४४ लाख अक्षरांची आनुवंशिक लिपी १९९८ साली वाचून झाली होती. तीत जवळजवळ ४,००० जनुके आहेत. २०१० साली शेकडो विद्यार्थ्यांनी ती वाटून घेतली, आणि कोणते जनुक काय करते याची जगभर विखुरलेली माहिती एकत्र करून सर्वांपुढे ठेवली.

यातून लगेच नवे औषध रुग्णांच्या हाती पडले नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. चाचण्यांना अनेक वर्षे व पुष्कळ पैसा लागतो. वही उघडी ठेवून तो खर्च भागत नाही. पण वही उघडी नसेल तर काय होते? प्रथिनांच्या आकारांचा सार्वजनिक संग्रह १९७१ साली अवघ्या ७ आकारांवर सुरू झाला. आज त्यात दोन लाखांहून अधिक आकार आहेत. याच संग्रहावर शिकून संगणक आता साखळीवरून प्रथिनाचा आकार वर्तवू लागले, आणि त्या कामाला २०२४ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. पन्नास वर्षे हजारो संशोधकांनी आपली मापे कुलूपबंद ठेवली असती, तर संगणक शिकला कशावरून असता?

हिवरे बाजारचा ताळेबंद पाऊस पाडत नाही. पण पडलेल्या पावसाचा एकही थेंब अज्ञानामुळे वाया जाऊ नये, अशी व्यवस्था तो करतो. उघड्या ज्ञानाचे काम तेच.

करून पाहा

१. वरील उदाहरणात फिरणारे बंध ५ ऐवजी ७ असते, तर एकूण रचना किती पटींनी वाढल्या असत्या?

२. मोठ्या माणसांना बरोबर घेऊन, दोरीला वजन बांधून, आपल्या विहिरीतील पाण्याची पातळी दर महिन्याच्या एकाच तारखेला मोजा. वर्गातील सर्वांच्या नोंदी एकाच तक्त्यावर भिंतीवर लावा. कोरड्या विहिरीची नोंदही गाळू नका.

(पहिल्याचे उत्तर : ९ पट)