वायफायचा पासवर्ड बदलला, पण राउटरचा?

प्रश्न : घरी नवं फायबर कनेक्शन घेतलं आणि वायफायचा पासवर्ड लगेच बदलला. तरी मुलगा म्हणतो, राउटर अजून उघडाच आहे. आणखी काय करायचं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मुलाचं म्हणणं खरं आहे, पण घाबरू नका, अर्ध्या तासाचं काम आहे. राउटरला दोन कुलपं असतात. वायफायचा पासवर्ड नेटवर्कमध्ये शिरण्यासाठी, तर ॲडमिन पासवर्ड राउटरची सेटिंग्ज बदलण्यासाठी. दुसरा अनेक घरांत कारखान्यातून आला तसाच राहतो.

२०१६मध्ये ‘मिराय’ या घातक प्रोग्रॅमने नेमकं हेच हेरलं. कंपन्यांनी ठेवलेल्या सुमारे ६० युजरनेम-पासवर्डच्या जोड्या वापरून त्याने असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले.

राउटरच्या तळाच्या लेबलवर पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१. तो ब्राउझरमध्ये टाइप करून लॉगिन करा. आधी ॲडमिन पासवर्ड बदला, मग फर्मवेअर अपडेट करा. डब्ल्यूपीएस आणि रिमोट मॅनेजमेंट बंद ठेवा. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए३ निवडा. जुना फोन जोडला जात नसेल, तर डब्ल्यूपीए२ चालेल. पाहुणे, टीव्ही आणि कॅमेऱ्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क उत्तम.

एक सावधगिरी : रीसेटचं बारीक बटण उगाच दाबू नका. त्याने इंटरनेट कंपनीने भरलेली लॉगिन माहितीही पुसली जाऊ शकते. काही सेटिंग्ज कंपनीने बंद ठेवलेली असतील, तर ग्राहक सेवेकडून ती बदलून घ्या. नवा ॲडमिन पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ठेवा, राउटरवर चिकटवू नका.