राग मोकळा करण्याविषयी

चि. मिहीर,

“बोलून टाकलं की मन मोकळं होतं,” असं तू लिहिलंस. बोलण्याबद्दल माझी तक्रार नाही, ओरडण्याबद्दल आहे. तू मात्र दोन्ही एकच धरतोस. राग कुकरमधल्या वाफेसारखा असतो, शिट्टी झाली की सुटतो, ही समजूत ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये ६०० विद्यार्थ्यांवर तपासली. त्यांच्या निबंधांवर जहरी शेरे मारून आधी त्यांना चिडवलं. मग काहींना शेरे मारणाऱ्याला आठवत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले, काहींना नुसतं बसवलं. सर्वांत जास्त चिडलेले निघाले ते त्याला आठवत ठोसे मारणारे. सर्वांत कमी आक्रमक, नुसते बसलेले. हात चालत होते तोवर अपमानाची उजळणीच चालली होती ना!

मग गिळायचा का? तेही नाही. आपल्याकडे सुनांना तेच शिकवलं आणि त्याला समजूतदारपणा म्हटलं. एमिली बटलर यांच्या २००३ च्या प्रयोगात दोन अनोळखी स्त्रिया एक क्लेशदायक चित्रफीत पाहून तिच्यावर बोलत. भावना दिसू देऊ नकोस, अशी सूचना गुपचूप एकीलाच दिलेली. रक्तदाब मात्र दुसरीचाही वाढला. राग गिळून तू धरलेला अबोला तुझ्या बायकोलाही सोसावा लागतो तो असा.

मला पटतो तो एलाय फिंकेल यांचा २०१३ चा अभ्यास. १२० जोडप्यांपैकी निम्म्यांनी दर चार महिन्यांनी सात मिनिटं एवढंच लिहायचं: दोघांचं भलं चिंतणाऱ्या तिऱ्हाइताला आपलं भांडण कसं दिसेल? भांडणं कमी झाली नाहीत. मनस्ताप कमी झाला, आणि संसारातलं समाधान घसरायचं थांबलं. इतरांचं घसरत राहिलं. हे अमेरिकेतलं, असं तू म्हणशील. खरंय, आपल्याकडे तिऱ्हाईत घरातच बसलेला असतो, फक्त तो कुणाची तरी आई असतो. म्हणून तर कागद बरा. आणि जिथे मारहाण किंवा धाक आहे तिथे हा उपाय सुचवूच नये. त्याला भांडण म्हणत नाहीत.

मोजूनमापून बोलायचं तर प्रेम कसलं, हा तुझा आक्षेप मला कच्चा वाटतो. साहेबांसमोर तू शब्द तोलूनच बोलतोस, आणि त्याला ढोंग म्हणत नाहीस. तेवढी अदब बायकोच्या वाट्याला का येऊ नये? राग चढलेला असेल तेव्हा “आत्ता नको” जरूर म्हण, पण “मग कधी” तेही सांग. रात्री जेवणानंतर म्हणालास, तर जेवणानंतर विषय तूच काढायचा. तिला आठवण करून द्यायला लावू नकोस.

तुझा,
काका