तळाशी पाणी साचतंय? पंप बदलण्याआधी हे करा

प्रश्न : आमच्या डिशवॉशरमध्ये भांडी धुऊन झाली तरी तळाशी पाणी राहतं. मेकॅनिक पंप बदला म्हणतो. घरच्या घरी काही करता येईल का?

उत्तर : पंपाची घाई नको. बहुतेक वेळा दोष कचऱ्याचा असतो. आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पाणी स्पंजने टिपा. तळाची गोल जाळी फिरवून बाहेर काढा आणि जुन्या ब्रशने गरम पाण्यात घासा. फोडणीतली मोहरी, कढीपत्त्याच्या काड्या, लिंबाच्या बिया असा ऐवज हमखास निघतो.

जाळीखालच्या खोलगट भागात पंपाचं छोटं झाकण असतं. ते कसं निघतं हे माहितीपुस्तिकेत पाहा. आतलं पातं फिरवून बघा. हात थेट घालू नका, काचेचा तुकडा अडकलेला असू शकतो. पातं अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरलं तर घाबरू नका, आत चुंबक असल्याने ते तसंच फिरतं. अजिबात हललं नाही तर काहीतरी अडकलंय.

मग सिंकखाली वाका. निचऱ्याची नळी मुडपली आहे का? सिंकच्या पाइपला जोडलेली असते तिथे तुपकट थर साचतो, तो काढा.

एवढं करूनही निचऱ्याच्या वेळी पंपाचा आवाजच येत नसेल, तर बिघाड विजेच्या बाजूचा असू शकतो. तिथे मात्र मेकॅनिकच हवा.